बाटलीवर नाव शेळीचं, टोचायची गाईला

एका दूध उत्पादक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात, म्हणून देत नाही. घरी चार दुभत्या गाई, त्यातली एक आठ महिन्यांची गाभण, एक बैलजोडी, अडीच महिन्यांचं वासरू, एक म्हैस आणि तीन शेळ्या. सहा-सात किलोमीटरवरच्या गावात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा रोग, आलाय. सरकारी दवाखान्याने लसीकरणाचा दिवस कळवलाय, पण येणारी लस 'गोट पॉक्स'ची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची आहे. दीर म्हणतात, "शेळीची लस गाईला टोचून काय साधणार? जे शिल्लक आहे ते आपल्या जनावरांवर खपवतायत." त्यांना कुणीतरी "लम्पीची खरी लस" दोन आठवड्यांत आणून देतो म्हणालंय. त्यातच भावकीतल्या एका गाईला लस टोचल्यावर सहाव्या दिवशी अंगभर गाठी उठल्या आणि पुढे ती गेली. ताई विचारतात: टोचून घेऊ की थांबू? आणि काही कमी-जास्त झालं, तर घरातला बोल माझ्यावरच येणार, त्याचं काय?

ताई,

उत्तर आधी देतो. टोचून घ्या, ठरलेल्या दिवशीच, आणि अंगात ताप नसलेल्या सगळ्या गाई-बैलांना. दुसऱ्या लसीची वाट पाहत थांबू नका. आता कारणं सांगतो, कारण तुमच्या दिरांना नुसतं "डॉक्टर म्हणाले" एवढं पुरणार नाही, आणि पुरूही नये. त्यांची शंका रास्त आहे. एका जनावराच्या रोगाची लस दुसऱ्याला का टोचायची, हे विचारलंच पाहिजे.

घरात कुणी साठी ओलांडलेलं असेल तर त्यांचा दंड बघा. देवीच्या लसीचा वण असेल. त्या लसीत माणसाच्या देवीचा विषाणू नव्हताच. तिच्यात होता 'व्हॅक्सिनिया', देवीच्या विषाणूचा चुलत भाऊ. त्या चुलत भावाच्या जोरावर माणसातली देवी जगातून गेली आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसं जाहीर केलं. सगळी सुरुवात 1796 मध्ये एडवर्ड जेन्नरने गाईच्या देवीपासून केली होती. म्हणजे नात्यातल्या विषाणूची लस वापरणं ही सरकारी दवाखान्याने आज काढलेली पळवाट नाही, लसीकरणाचा जन्मच त्यातून झालाय. अलीकडे माणसांत मंकीपॉक्सची साथ आली तेव्हाही हाताशी होती ती देवीसाठी बनवलेली लसच.

लम्पीचं तसंच आहे. लम्पीचा विषाणू, शेळ्यांच्या देवीचा आणि मेंढ्यांच्या देवीचा, हे तिघे एकाच घराण्यातले. त्यांचा जनुकीय मजकूर शंभरातल्या 96-97 ठिकाणी जुळतो. रक्तातली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तपासून या तिघांपैकी नेमका कोण येऊन गेला, हे नेहमीच्या तपासणीत सांगता येत नाही, इतके ते सारखे. गाईच्या शरीराने शेळीच्या देवीचा विषाणू एकदा ओळखून ठेवला की लम्पी आल्यावर तो तिला परका वाटत नाही. शिवाय हे विषाणू आकाराने मोठे, दीडशेच्या आसपास जनुकांचे, आणि फ्लूसारखे दर हंगामाला रूप बदलणारे नाहीत. ओळख पटवायला त्यांच्या अंगावर भरपूर खुणा असतात आणि त्या टिकतात.

पण इथे दिरांच्या बाजूनेही बोलतो. 'नातं आहे ना, मग चालेल' हा हिशोब प्रत्येक रोगात बसत नाही. सिंधुदुर्गात 2016 पासून ज्याने लोकांना छळलं तो माकडताप घ्या. हा रोग पहिल्यांदा 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोचिडीतूनच पसरणाऱ्या एका रशियन मेंदूज्वराचा विषाणू त्याचा नातेवाईक, आणि त्याची लस तयार होती. ती तिकडे वापरून पाहिली. उपयोग झाला नाही. इबोलाचंही तेच. त्याच्या 'झैर' जातीवर उत्तम लस आहे, पण 2022 मध्ये युगांडात 'सुदान' जातीची साथ आली तेव्हा ती कामाची नव्हती. त्या लसीत इबोलाच्या पृष्ठभागावरचं एकच प्रथिन असतं, आणि दोन जातींत नेमकं तेच बरंच वेगळं आहे. म्हणून नात्यावर विसंबायचं नाही, त्या रोगात त्या लसीने प्रत्यक्ष काय करून दाखवलं ते बघायचं.

लम्पीत काय दिसलंय? चित्र सरळ नाही. इस्राएलमध्ये 2012-13 च्या साथीत मेंढीच्या देवीची लस दहापट मात्रेत देऊन तिची तुलना लम्पीच्याच लसीशी केली. लम्पीची लस स्पष्टपणे सरस ठरली. युरोपात बाल्कन देशांनी 2016 पासून लम्पीचीच लस सरसकट वापरली आणि वर्षभरात साथ जवळजवळ मोडली. एवढंच ऐकलं तर दीर म्हणतील, बघा, मी काय सांगत होतो. पण इथिओपियात तीन लसी शेजारी-शेजारी तपासल्या, तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'गॉर्गन' नावाच्या शेळीच्या देवीच्या लसीने गाईंना चांगलं संरक्षण दिलं आणि बाटलीवर लम्पीचंच नाव असलेली, तिथे तयार झालेली लस कमी पडली. केनियातून आलेल्या एका जुन्या लसीची गंमत तर वेगळीच. मेंढ्या-शेळ्यांच्या देवीची म्हणून ती वर्षानुवर्षं वापरात होती, पुढे तिच्या जनुकांची तपासणी केली तर आतला विषाणू लम्पीचा निघाला.

तेव्हा बाटलीवरच्या नावापेक्षा आतला वाण कोणता, मात्रा किती आणि लस थंड राहिली का, यावर जास्त अवलंबून असतं. आपल्याकडे गाईंसाठी शेळीच्या देवीचा 'उत्तरकाशी' वाण वापरतात, आणि तो केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या सूचनांनुसार. कुणा डॉक्टरच्या मनाने नाही. 2022 मध्ये देशभरात दीड लाखाहून जास्त गुरं लम्पीने गेली. त्या साथीत महाराष्ट्रात जवळजवळ सगळ्या गोवंशाला, म्हणजे सुमारे 1 कोटी 40 लाख जनावरांना, हीच लस टोचली गेली. लस टोचलेल्या काही गाईंनाही लम्पी झाला, काही दगावल्याही. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ही लस शंभर टक्के नाही, आणि चांगल्या प्रतीची लम्पीची लस त्याच दिवशी, त्याच डॉक्टरांच्या हातात असती तर मी ती घ्या म्हणालो असतो. तुमच्यापुढे तशी निवड आज नाही. आज निवड आहे ती ही लस किंवा दोन आठवडे काहीच नाही.

आता भावकीतली गाय. तुमच्या पत्रात सगळ्यात जड वाक्य तेच आहे, आणि घरातली भीतीही तिथूनच आलीय. लस टोचल्यावर सहाव्या दिवशी गाठी उठल्या, म्हणून लसीनेच उठल्या, असं सगळ्यांनी धरलंय. दिवस मोजून बघा. लम्पीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत बहुधा 4 ते 14 दिवस जातात, कधी त्याहून जास्त. लसीची ताकद यायला मात्र साधारण 3 आठवडे लागतात. सहाव्या दिवशी गाठी आल्या, याचा अर्थ बहुतेक करून टोचण्याच्या आधीच माशीने विषाणू आणून सोडला होता. लस पोचली, पण उशिरा पोचली. आणि आपल्याकडच्या 'उत्तरकाशी' वाणाच्या लसीत लम्पीचा विषाणूच नसतो, त्यामुळे ती लस गाईला लम्पी देऊ शकत नाही. या बाबतीत तुमचे दीर ज्याला परकी लस म्हणतात तीच जरा निर्धोक. लम्पीच्या जिवंत लसीनंतर मात्र काही गाईंच्या अंगावर थोड्या बारीक गाठी येतात, दूध काही दिवस उतरतं, आणि मग खरा रोग की लसीचा परिणाम हे ओळखायला त्रास होतो.

एक शक्यता मात्र मी नाकारत नाही. त्या दिवशी एकाच सुईने सगळी दावण टोचली असेल आणि तिच्यात एखादी आतून आजारी गाय असेल, तर सुईनेच रोग पुढे गेला असेल. हे होतं. म्हणून तुमच्या गोठ्यात प्रत्येक जनावराला नवी सुई, हा आग्रह धरा. अवघडून जाऊ नका. डॉक्टर चांगले असतील तर त्यांना राग येणार नाही.

"थांबू या" म्हणताना घरात असं वाटतं की आपण काही केलंच नाही, म्हणजे काही बिघडणारही नाही. सहा-सात किलोमीटर हे अंतर माणसाला मोठं वाटतं. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांना तितकं अंतर स्वतः कापायचीही गरज नाही. बाजारातून परतणारा बैल, दुधाची गाडी, दोन गोठ्यांत धारा काढणारा गडी, यांच्यासोबत ते येतात. बाधित गावाभोवती 5 किलोमीटरच्या परिघातल्या जनावरांना आधी लस टोचण्याची पद्धत आहे, तुम्ही त्या कडेच्या जरा बाहेर आहात. ही जागा लस घ्यायला उत्तम, कारण तुमच्याकडे तीन आठवडे मिळण्याची आशा अजून आहे. दोन आठवडे थांबून मग टोचलं, तर ताकद यायला पाच आठवडे जातील.

दोन आठवड्यांनी येणार म्हणतात ती "खरी लस" काय असेल, मला सांगता येत नाही. लम्पीची भारतीय लस आहे, हे खरं. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था यांनी रांचीत 2019 मध्ये मिळालेल्या विषाणूपासून ती बनवली, प्रयोगशाळेत पन्नास वेळा वाढवून सौम्य केली, आणि 10 ऑगस्ट 2022 रोजी ती जाहीर झाली. तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सरकारी पशुवैद्यकीय जैव पदार्थ संस्थेलाही देण्यात आलं. फेब्रुवारी 2025 मध्ये एका खासगी कंपनीच्या लम्पी लसीला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवानाही मिळाला. ही लस तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात आलीय का, हे फोन करून विचारा. आली असेल आणि डॉक्टर तीच टोचणार असतील, तर तीच घ्या, प्रश्न मिटला. पण ओळखीच्या माणसाने पिशवीतून आणलेली, बिल नाही, बॅच नंबर नाही, बर्फात होती की नव्हती माहीत नाही, अशी बाटली गोठ्यात शिरू देऊ नका, मग तिच्यावर कुणाचंही नाव असो. कझाकस्तानात वापरलेल्या एका लम्पी लसीच्या बाटलीत पुढे एकापेक्षा जास्त विषाणूंची सरमिसळ सापडली, आणि रशिया-चीनकडे लम्पीचे जे नवे संकरित वाण पसरले त्यांचं मूळ तिथे जातं. जिवंत लसीत हलगर्जीपणा झाला तर असं होतं. आणि एक लस टोचून झाल्यावर लागलीच दुसरीही, असंही करू नका. पुढची कधी घ्यायची ते डॉक्टर सांगतील.

लसीकरणाच्या दिवशी दिरांना गाय धरायला उभं करा. त्यांना सगळं डोळ्यांनी बघू द्या. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी प्रत्येक जनावराचा ताप घ्या, थर्मामीटर शेणाच्या वाटेने, मिनिटभर. निरोगी गाईचा ताप 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असतो, 103 च्या वर गेला तर तिला बाजूला बांधा आणि डॉक्टरांना टोचण्याआधी सांगा. लम्पीत गाठी दिसण्याआधी ताप चढतो, डोळ्यांतून-नाकातून पाणी येतं, आणि खांद्याच्या पुढे व मांडीच्या पुढे त्वचेखालच्या ग्रंथी फुगून हाताला लागतात. तिथे हात फिरवून बघा. ज्या गोठ्यात एक जनावर तापलंय तिथे बाकीच्यांना टोचायचं की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा.

डॉक्टर आले की बाटली बर्फाच्या पेटीतून निघते ना, बघा. आत तळाला पांढुरकी सुकी वडी असते. सोबतचं द्रावण सुईने आत सोडून हलकेच फिरवलं की ती विरघळते आणि तिथून घड्याळ सुरू होतं, तासा-दोन तासांत बाटली संपायला हवी. विरघळवलेली लस दुपारच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत फिरत असेल, तर तिच्यात जिवंत असं काही उरत नाही, आणि मग "लस घेऊनही लम्पी झाला" असं गावभर होतं. माझ्या मते लसीच्या नावाने जेवढी बोटं मोडली जातात, त्यातली बरीच बर्फाच्या नावाने मोडायला हवीत. लस मानेजवळ कातडीखाली देतात. बॅच नंबर आणि तारीख वहीत लिहून घ्या, बाटलीचा फोटो काढा. नंतर टोचल्या जागी थोडी सूज, दिवसभर मंद ताप, दूध लिटरभर कमी, एवढं चालतं. वैरण सुटली किंवा ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर कळवा.

गाभण गाईचं तुम्ही वेगळं विचारलंय. गाभण म्हणून तिला आपणच वगळू नका. गाभणपणात लम्पीचा ताप आला तर गाभडण्याची भीती जास्त. पण आठवा महिना आहे, ती दचकणारी आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा खोड्यात घालून ओढाताण करायची नाही. तिला शेवटी, शांतपणे, आणि डॉक्टरांनी तपासून ठरवल्यावरच.

पुढचे तीन आठवडे लस टोचलीच नाही असं समजून वागा. गोठ्यातलं शेण रोज बाहेर, उकिरडा लांब, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर, गोचिडीसाठी डॉक्टर देतील ते औषध मात्रेत. जमलं तर मच्छरदाणी. सामाईक पाणवठा बंद, बाजार बंद, नवं जनावर नाही. गडी दुसऱ्या घरच्या आजारी गाईची धार काढत असेल तर तुमच्याकडे तो नको, मजुरी देऊन का होईना घरी बसवा. फरशी धुवायला 2-3 टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालतं. गळून पडलेल्या खपल्यांत हा विषाणू महिनाभर आणि अंधाऱ्या, ओलसर गोठ्यात महिनोन्महिने तग धरतो, तेव्हा कुणाच्या रिकाम्या झालेल्या गोठ्यात आपली गाय बांधायची नाही.

तरीही एखादी तापली, गाठी दिसल्या, तर लपवू नका. दूध संकलन केंद्र दूध नाकारेल, या भीतीने लोक लपवतात. लम्पी माणसाला होत नाही, उकळलेलं दूध प्यायला हरकत नाही, आणि लसीनंतरच्या दुधाचंही तेच. कायद्यानेही, 2009 च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या अधिनियमानुसार, मालकाने ग्रामपंचायतीला किंवा दवाखान्याला कळवणं बंधनकारक आहे. 1962 या नंबरवर फिरतं पशुवैद्यकीय पथक मिळतं. लम्पीच्या विषाणूवर थेट औषध नाही, ताप-सूज उतरवणं, जखमा किड्यांपासून राखणं, चारा-पाणी तोंडाशी नेणं यावरच जनावर उठतं, आणि बहुतेक उठतात. त्यासाठी लवकर कळणं महत्त्वाचं.

राहिला बोल कुणी खायचा हा प्रश्न. टोचल्यावर गाय आजारी पडली तर बोट दाखवायला एक माणूस सापडतो, आणि घरात तो माणूस बहुतेक वेळा बाईच असते. न टोचता गाय गेली तर "नशीब" म्हणतात. थांबण्याचा निर्णय घेणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून थांबणं सोपं वाटतं. तेव्हा हा निर्णय तुम्ही एकटीने अंगावर घेऊ नका. हे पत्र दिरांना वाचायला द्या आणि त्यांना एवढंच विचारा: दोन आठवड्यांत ती दुसरी लस आली नाही, आणि माशी आली, तर काय करायचं? त्याचं उत्तर त्यांच्याकडे असेल तर मला जरूर कळवा.

म्हशीला लम्पी क्वचित होतो, तिच्याबद्दल दवाखान्याची सूचना असेल तसं करा. शेळ्यांना लम्पी होत नाही, पण त्यांची स्वतःची देवी होते, आणि हीच लस मुळात त्यांची. त्यांना टोचलेली नसेल तर त्यांच्या मात्रेत ती वेगळी मागा. गाईसाठी आणलेल्या बाटलीतला उरलासुरला थेंब शेळीला नको. वासरू अडीच महिन्यांचं आहे, लसीचं वय चार महिने पूर्ण झाल्यावर. तोवर त्याला मच्छरदाणीत ठेवा, आणि चार महिने कधी भरतात ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, कारण तोपर्यंत शिबिर होऊन गेलेलं असेल आणि दवाखान्याला फोन तुम्हालाच करावा लागेल.